लाल मारणारा काळा

मानवजातीची दृष्टी आजवर दोनदाच बदलली. पहिल्यांदा, काही कोटी वर्षांपूर्वी, झाडावर राहणाऱ्या आपल्या पूर्वजांना हिरव्या पानांतून पिकलेलं फळ लाल दिसू लागलं तेव्हा. दुसऱ्यांदा, २०४३ साली, इचलकरंजीत. पहिल्या प्रसंगी कोण हजर होतं याची नोंद नाही. दुसऱ्या प्रसंगी कुंतीनाथ मगदूम हजर होते, आणि त्यांना त्या दिवशी पित्त झालं होतं.

मगदूम हे कृष्णछाया प्रोसेसर्स या कापड रंगवण्याच्या कारखान्यात काळ्याचे मास्तर. बाकी सगळ्या रंगांना मिळून एक मास्तर होता. काळ्याला स्वतंत्र, कारण काळा हा रंग नसून वाद आहे. मगदूमांना अकरा काळे दिसत. तवा, काजळ, कावळा, जांभूळ, कोरडी म्हैस, ओली म्हैस आणि असेच आणखी पाच. टाकीतून निघालेला तागा खिडकीशी धरायचा, मान तिरपी करायची आणि म्हणायचं, "लाल मारतंय." म्हणजे काळ्यात कुठेतरी लाल झाक आहे, परत टाकीत घाला. कधी हिरवं मारायचं, कधी निळं. एकतीस वर्षं या दोन शब्दांवर मगदूमांचं घर चाललं होतं आणि मुलगी शिकली होती.

रंग मोजणारं यंत्रही कारखान्यात होतं. कामगार त्याला पेटी म्हणत. पेटी सहा आकडे दाखवायची, ते वहीत उतरवले जायचे आणि मग सगळे मगदूमांकडे बघायचे. मगदूमांनी स्वतः पेटीला कधी काही विचारलं नव्हतं. समव्यावसायिकाशी जेवढं बोलावं तेवढंच ते तिच्याशी बोलत, म्हणजे अजिबात नाही.

त्या सुमाराला परदेशात अ-दोनची लाट आली.

अ जीवनसत्त्वाचं आपण गाजराशी लग्न लावून दिलं आणि विषय संपवला. प्रत्यक्षात ते शरीरभर राबत असतं. कातडी नरम ठेवतं, नाक-घशाचं अस्तर ओलं ठेवतं, पोटातल्या गर्भाला हात कुठे फुटायचे ते सांगतं. पण त्याचं सगळ्यात नाजूक काम डोळ्यात. डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींत एक प्रथिन असतं आणि त्याच्या कुशीत अ जीवनसत्त्वापासून बनलेला एक वाकडा रेणू बसलेला असतो. प्रकाशाचा कण आपटला की तो रेणू सरळ होतो. या सरळ होण्यालाच आपण दिसणं म्हणतो. मग त्याला पुन्हा वाकवून जागेवर बसवावं लागतं. या ये-जा करण्यात थोडी गळती होतेच, ती भरून काढायला यकृतात साठा असतो. लग्नात आलेले स्टीलचे डबे माळ्यावर असतात तसा: महिनोन्महिने पुरतो, आणि संपेपर्यंत कुणाला आठवत नाही. संपला की आधी संध्याकाळचं दिसेनासं होतं.

नदीतले काही मासे या रेणूचा चुलतभाऊ वापरतात. त्याचं नाव अ-दोन. त्यात एक दुहेरी बंध जास्त असतो, एवढाच फरक. पण त्यामुळे गढूळ पाण्यात, जिथे लालच प्रकाश पोचतो, तिथे माशाला दिसतं. माणसाच्या यकृतातला नेहमीचा साठा संपू दिला आणि त्या जागी अ-दोन भरलं, तर माणसालाही लालच्या पलीकडचं थोडं दिसू लागतं. युरोपातल्या हौशी श्रीमंतांनी ते केलं. त्यांना झाडं लालबुंद झळाळताना दिसली, यावर त्यांनी कविता केल्या. मग ते एका अंत्ययात्रेला गेले आणि तिथे जमलेले सगळे लोक त्यांना विटकरी सुटात दिसले.

कारण आपण ज्याला काळं कापड म्हणतो ते आपल्यापुरतंच काळं असतं. लालच्या पलीकडचा उजेड बरेच काळे रंग सरळ परत पाठवतात. आपल्याला तो दिसत नाही म्हणून अब्रू झाकली जाते.

कृष्णछायाचा सगळ्यात मोठा खरेदीदार रॉटरडॅमचा. त्याने कळवलं की यापुढे माल पलीकडेही काळा हवा, आणि तसा दाखला अ-दोन डोळ्यांच्या माणसाने सही करून द्यावा. कारखान्याचे मालक वृषभ कागवाडे यांनी विचारलं, पेटी मोजून देईल, चालेल का? उत्तर आलं की पेटी सूट घालत नाही.

कागवाड्यांनी मगदूमांना बोलावलं. पित्ताचा दिवस तो हाच. टेबलावर गोळ्यांचे सहा डबे होते, एका ओळखीच्या माणसाकडून आणलेले, मूळ किमतीच्या तिसऱ्या हिश्शात.

"सहा महिने, रोज एक," मालक म्हणाले. "जूनमध्ये त्यांचा माणूस परीक्षा घ्यायला येईल. पास झालात तर तुम्ही काळ्याचे मास्तर. नाहीतर मास्तर, तुम्हालाबी म्हायतीय, पेटी हाय."

मगदूम डबे घेऊन घरी आले.

गोळीबरोबर चार घड्यांचं पत्रक होतं. जुनं अ, म्हणजे अ-एक, सहा महिने पोटात जाता कामा नये. दूध, तूप, लोणी, पपई, आंबा, भोपळा, मेथी, पालक, शेवग्याचा पाला बंद. अंडी आणि गाजर जैन घरात तसंही येत नव्हतं, तेवढा त्रास वाचला. पण यादीच्या शेवटी लाल मिरची होती. त्रिशलाबाईंनी ती ओळ दोनदा वाचली. तिखटाशिवाय स्वयंपाक करायचा तर कोल्हापूर जिल्ह्यात राहण्याचं कारण काय, असं त्यांना वाटलं. तोंडाने त्या एवढंच म्हणाल्या की म्हणजे आजाऱ्याचं जेवण करायचं, आणि आजार नाही.

मुलगी चंदना सांगलीत अन्न तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत होती. दिवसभर तेलातली भेसळ काढायची. तिने एक गोळी तपासायला मागितली. मगदूमांनी दिली नाही. गोळ्या मोजून एकशेऐंशी होत्या, एक कमी पडली आणि नेमकं त्याच दिवसाचं दिसायचं राहिलं तर? चंदना म्हणाली, असं एका दिवसाचं दिसणं वेगळं नसतं. मगदूम म्हणाले, तुला काळ्यातलं काय कळतंय?

डिसेंबरात सुरुवात झाली. पांढरी आमटी, पांढरा भात, ज्वारीची भाकरी, फ्लॉवर. मगदूम रोज सकाळी गच्चीवर काळी छत्री उघडून तिच्याकडे बघत बसू लागले. आकाश कोरडं, डोक्यावर ऊन, आणि माणूस छत्री समोर धरून बसलेला. शेजारचे आदगोंडा पाटील वरून वाकून विचारायचे, "मास्तर, आलं का लाल?" मग मगदूम छत्री मिटून खाली यायचे आणि दहा मिनिटांनी टीव्हीचा रिमोट घेऊन बसायचे. पत्रकात म्हटलं होतं की बदल पूर्ण झाला की रिमोटच्या टोकाचा, एरवी माणसाला न दिसणारा दिवा तांबूस लुकलुकताना दिसेल. ते बटण दाबायचे, टोकात बघायचे, टीव्ही चालू व्हायचा, बंद व्हायचा, चालू व्हायचा. त्रिशलाबाईंची मालिका याच रीतीने तीन महिने तुकड्यातुकड्यांत झाली. कावळा दिसला की ते थांबत. जेवताना थांबत. बोलता बोलता समोरच्याच्या काळ्या बुटांकडे बघत थांबत. माणूस घरात होता, पण एका जागी नव्हता.

मार्चमध्ये पहिला बदल झाला. मगदूमांकडे रात्रीचं जेवण सूर्यास्ताआधी व्हायचं आणि त्यानंतर ते चौकापर्यंत फिरायला जायचे. एका संध्याकाळी ते उभ्या हातगाडीवर जाऊन आदळले. दुसऱ्या दिवशी आदगोंडांच्या स्कूटरवर. तिसऱ्या दिवशी कारखान्यात, दिवे लागायच्या वेळी, त्यांचा पाय रंगाच्या पाटात गेला आणि घरी आले ते एका पायाने काजळ, एका पायाने कातडी. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत होतं. कोपरं खरखरीत झाली होती.

मगदूम मात्र खुशीत होते. पत्रकात लिहिलंच होतं: चौथ्या महिन्यात तिन्हीसांजेला अंधुक दिसेल, घाबरू नये, जुना साठा संपल्याची ही खूण आहे, यानंतर नवा साठा काम सुरू करील. मगदूमांनी ती ओळ त्रिशलाबाईंना वाचून दाखवली आणि ती दाखवताना चष्म्याचं घर समजून साखरेचा डबा उघडला.

त्रिशलाबाई घाबरल्या. घाबरल्यावर त्या रडत नसत, बाजारात जात.

दुधाच्या दुकानात त्यांना उत्तर सापडलं. फ्रिजमध्ये निळ्या पिशव्यांशेजारी सोनेरी पिशव्या होत्या आणि त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: ए-टू. देशी गाईचं शुद्ध ए-टू दूध. बाजूला बरणीत त्याचंच तूप. त्रिशलाबाईंनी मनाशी हिशेब केला. नवऱ्याला अ-एक वर्ज्य, अ-दोन पाहिजे. गोळीतलं अ-दोन त्याला पुरेनासं झालंय, हे उघड दिसतंय, म्हणजे त्यालाच दिसत नाहीये. आणि इथे अ-दोन दर लिटरला विकायला ठेवलंय.

दुधावरचं ए-टू हे त्यातल्या एका प्रथिनाचं नाव. जीवनसत्त्वातलं अ-दोन वेगळं. दोघांत साम्य एवढंच की दोन्ही महाग मिळतं. त्या सोनेरी तुपात जे जीवनसत्त्व होतं ते साधं, घरगुती, बंदी घातलेलं अ-एक होतं, आणि भरपूर होतं. पण हे पिशवीवर छापलेलं नव्हतं.

त्रिशलाबाईंनी नवऱ्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पत्रक पुन्हा वाचून दाखवलं गेलं असतं. त्या भाकरीच्या पिठात तूप घालू लागल्या, भातात मुरवू लागल्या, आमटीत साय घोटू लागल्या. मगदूम दोन घास जास्त खाऊ लागले. एकदा म्हणाले, आज भात बरा लागतोय. त्रिशलाबाई म्हणाल्या, तांदूळ बदललाय.

एप्रिलच्या मध्यापर्यंत मगदूम हातगाड्यांना वळसा घालून जाऊ लागले. डोळ्यातली वाळू गेली. संध्याकाळी चौकातले चेहरे पुन्हा ओळखू येऊ लागले. पत्रकातलं सगळं तंतोतंत घडत होतं: जुनं संपलं, अंधारलं, आता नवं आलं. नवं आलं म्हणजे लाल दिसणारच. मगदूमांनी छत्री उघडून पाहिलं. लाल होती का? असेल. थोडी.

मालकांनी विचारलं, "दिसायलंय का?"

"दिसायलंय," मगदूम म्हणाले. "थोडं थोडं."

एकदा हे तोंडातून गेल्यावर परतीची वाट राहिली नाही. गावात बातमी पसरली. पतसंस्थेचे मॅनेजर केस रंगवतात का, ते बघायला लोक मगदूमांना घेऊन गेले. मगदूमांनी मान तिरपी केली आणि म्हणाले, "लाल मारतंय." मॅनेजर केस रंगवतात हे गावाला वीस वर्षं माहीत होतं, पण आता ते शास्त्राने सिद्ध झालं. घरी येऊन मगदूम परत रिमोट घेऊन बसले. टीव्ही चालू, बंद, चालू. ज्याला दिसतंय तो माणूस एवढं बघत नाही, हे त्रिशलाबाईंच्या लक्षात आलं होतं. त्यांनी तूप वाढवलं.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी चंदना आली. आंब्याचे शेवटचे दिवस होते. तिने आणि आईने आमरस खाल्ला, मगदूमांनी त्यांना खाताना पाहिलं. जेवण झाल्यावर तिने कोपऱ्यातला रिमोट उचलला, वडिलांसमोर धरला आणि बटण दाबलं.

"अण्णा, दिवा दिसतोय?"

"दिसतोय की."

"कसा?"

"तांबूस. लुकलुकतोय."

चंदनाने रिमोट उलटा करून मागचं झाकण काढलं. आत दोन रिकाम्या खोबणी होत्या. मग तिने दुसरी मूठ उघडून दोन सेल टेबलावर ठेवले. त्यातला एक घरंगळत वाटीला जाऊन टेकला.

"कधीपासून दिसत नाही?" तिने विचारलं.

"दिसलंच न्हाई," मगदूम म्हणाले.

चंदनाने आहाराची चौकशी सुरू केली. काय खाल्लं, कधी खाल्लं, चुकून काही पोटात गेलं का? प्रश्न तिसरा होईपर्यंत त्रिशलाबाई आतून सोनेरी पिशवी आणि बरणी घेऊन आल्या. लपवायचं काही कारणच नव्हतं. आपण तर मदत केली होती. त्यांनी पिशवीवरच्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, बघ, अ-दोनच आहे, छापलंय.

चंदनाने समजावून सांगितलं. सांगताना तिचाच आवाज बारीक होत गेला. मगदूम ऐकत होते. मग उठले, छत्री कोपऱ्यात होती ती उचलली, परत ठेवली, आणि बायकोला म्हणाले की सहा महिन्यांचं वाटोळं केलंस, माझ्या एकतीस वर्षांचं केलंस, आता त्या पेटीला घरी आणून जेवायला वाढ.

त्रिशलाबाईंनी बरणीचं झाकण घट्ट लावलं.

"अहो, तीन महिने तुमच्या भाकरीत तूप होतं," त्या म्हणाल्या. "टाकी उघडायच्या आधी रंग चुकला म्हणून नाकानं सांगणारा माणूस तुम्ही. तुम्हाला वास आला नाही?"

मगदूम छत्रीची मूठ पुसू लागले. वास आला होता. पहिल्या दिवशीच आला होता, आणि त्यांनी तो घासाबरोबर गिळला होता.

त्यानंतर घरात बोलणं फक्त मिठापुरतं राहिलं. त्रिशलाबाईंनी कोरडी भाकरी वाढली, मगदूमांनी कोरडी खाल्ली. परीक्षा शुक्रवारी होती. सोमवारी मगदूम कारखान्यात गेले, दार लावून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा पेटीसमोर बसले.

त्यांच्या डोक्यात बायकोचा शब्द घोळत होता. नाक. काळे दोन जातींचे. एक हल्लीचे, स्वच्छ, बिनवासाचे, झटपट चढणारे. दुसरे जुने, गंधकाचे. टाकीतून निघताना कुजक्या वासाने माणूस मागे सरतो, आणि तीन धुण्यांनंतरही कापडाच्या पोटात तो वास बारीक उरतो. मगदूमांनी दोन्ही जातींचे तुकडे पेटीत घातले आणि लालच्या पलीकडचे आकडे मागितले. पेटीने दिले, कुठलाही टोमणा न मारता. वासाचा काळा पलीकडेही बराचसा काळा राहत होता. बिनवासाचा पलीकडे विटेसारखा उजळत होता. मगदूमांनी चाळीस तुकडे केले, आधी हुंगले, मग मोजले. बुधवारी त्यांनी आधी सांगायचं आणि पेटीने नंतर मान डोलवायची, असं सुरू झालं. गुरुवारी त्यांनी जाताना पेटीवर कापड झाकलं, धूळ बसू नये म्हणून.

शुक्रवारी खरेदीदाराचा माणूस आला. तिरुपूरचे सेल्वराज. गडद चष्मा, हातात कुलुपाची बॅग, दोन वर्षांपासून प्रमाणित अ-दोन डोळे. त्यांनी टेबलावर दहा काळे तुकडे मांडले. आपल्याला सगळे सारखे दिसले असते. मालक दाराशी उभे राहून घड्याळाचा पट्टा सैल करत होते, घट्ट करत होते.

मगदूमांनी पहिला तुकडा उचलला, खिडकीकडे वळले, मान तिरपी केली आणि तुकडा जवळ आणला. फार जवळ.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

दुसरा. "लाल मारतंय."

तिसरा, लाल मारतंय. चौथा, बरोबर. सातव्याला ते थांबले, कारण मालकांनी अत्तर लावलं होतं. त्यांनी मालकांना बाहेर जायची विनंती केली. उजेड अडतोय म्हणाले. दहावा झाल्यावर सेल्वराजांनी आपला कागद उघडला. दहापैकी दहा.

सेल्वराजांना खात्री पटेना. त्यांनी बॅगेतून अकरावा तुकडा काढला, कागदावर नसलेला, आणि स्वतः पाहण्यासाठी चष्मा काढून चेहऱ्याजवळ नेला. मगदूम बघत होते. सेल्वराजांच्या नाकपुड्या किंचित फुलल्या आणि मिटल्या. तुकडा खाली आला तेव्हा दोघांची नजरानजर झाली. दोघांनीही चहा घ्यायचं ठरवलं. दाखल्यावर सही चहाच्या आधी झाली.

मगदूम काळ्याचे मास्तर राहिले. पेढे घेऊन ते घरी आले तेव्हा घरात तीच कोरडी शांतता होती. त्रिशलाबाईंनी पेढे देवापुढे ठेवले. झालं का, एवढं त्यांनी विचारलं. झालं, मगदूम म्हणाले. त्यापुढे त्यांना बरंच काही म्हणायचं होतं, पण त्याची सुरुवात सापडेना. ते गच्चीवर गेले, खाली आले, परत गेले.

सोमवारी चंदनाचा फोन आला. महावीर जयंतीच्या उपवासाला मगदूमांची एक गोळी चुकली होती. ती शिल्लक राहिलेली गोळी चंदना आमरसाच्या रविवारी न विचारता घेऊन गेली होती. प्रयोगशाळेचा अहवाल आला होता. तिने तो वाचून दाखवला. मगदूम म्हणाले, परत वाच. तिने परत वाचला.

"अण्णा, ऐकताय?" ती म्हणाली. "चार महिने पोटात अ-एक नाही आणि अ-दोनही नाही. म्हणजे काहीच नाही. मार्चमध्ये ती खूण नव्हती, तो रातांधळेपणा होता. आणखी दोन-तीन महिने तसंच चाललं असतं तर बुबुळाला जखमा झाल्या असत्या. आईनं तूप घातलं नसतं तर तुम्हाला आज ना छत्री दिसली असती, ना कावळा."

सूर्य मावळायला अर्धा तास होता. त्रिशलाबाईंनी ताट केलं: आमटी, भात, भाकरी. मगदूम बसले.

"ती बरणी आण," ते म्हणाले.

"कुठली?"

"सोनेरी."

त्रिशलाबाईंनी बरणी आणली, पण झाकण उघडलं नाही. हात झाकणावर ठेवून उभ्या राहिल्या.

"माझ्यामुळे दिसायचं राहिलं म्हणालात."

"तुझ्यामुळंच दिसतंय," मगदूम म्हणाले. मग हे फार झालं असं वाटून त्यांनी जोडलं, "संध्याकाळचं."

त्यांनी चंदनाने सांगितलेलं सगळं सांगितलं. त्रिशलाबाईंनी झाकण उघडलं आणि भातावर एक चमचा सोडला, मग न विचारता दुसरा.

"मग त्या गोळीत होतं तरी काय?"

गोळीत सूर्यफुलाचं तेल होतं. तेही रिफाइंड.